चिठ्ठीपासून एक्सएमएलपर्यंत

कोणताही शब्दकोश उघडा. ठळक अक्षरांत छापलेला तो मूळ शब्द, त्याच्यामागची 'पु.', 'स्त्री.' किंवा 'न.' ही अक्षरे म्हणजे त्याचे लिंग, चौकटी कंसात दिलेली ती व्युत्पत्ती. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते. पाचवीतल्या मुलानेसुद्धा दोन-चार नोंदी पाहिल्या की त्याला ही पद्धत उमगते. पण हेच पान संगणकाला दिले तर त्याला दिसते ती अक्षरांची एक लांबलचक माळ. त्यातला 'न.' हे नपुंसकलिंग आहे की कोणा गृहस्थाच्या नावाचे आद्याक्षर, याची त्याला काहीच कल्पना नसते.

आपल्या डोळ्यांना जे आपोआप कळते ते यंत्राला सांगायचे कसे, आणि ते सांगण्याचे कष्ट घ्यायचे कोणी? यंत्रांच्या दुरुस्तीची पुस्तके, संगणक-आज्ञावल्यांच्या मार्गदर्शिका, वैज्ञानिक नियतकालिकांतील लेख हे सारे आज बहुधा 'एक्सएमएल' नावाच्या पद्धतीने खुणा घालून साठवले जाते. साध्या टिपणांचे असे रचनाबद्ध मजकुरात रूपांतर करणे हा आता एक मोठा उद्योग आहे. त्याचा इतिहास एरवी मानकांच्या क्रमांकांनी भरलेला आणि रुक्ष वाटतो. आम्ही तो एका कोशाच्या बाजूने सांगणार आहोत. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हा तो कोश. एकच मजकूर आधी कागदाच्या चिठ्ठ्यांवर, मग छापील पानांवर आणि शेवटी खुणांनी बांधलेल्या संगणकीय रूपात, अशा तिन्ही अवस्थांतून गेल्याचे इतके ठळक उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही. शिवाय या कोशाच्या कामावर असलेला एक जण पुढे एक्सएमएलचा एक संपादक झाला.

जागेवरून कळणारा अर्थ

इंग्रजी शब्दांचा ऐतिहासिक कोश करावा ही कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली. प्रत्येक शब्द प्रथम कोणी, केव्हा वापरला आणि पुढे त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हे प्रत्यक्ष ग्रंथांतील वाक्ये देऊन दाखवायचे होते. त्यासाठी हजारो पुस्तके वाचणारे स्वयंसेवक हवे होते. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी वाचकांना नव्याने आवाहन केले. या आवाहनात चिठ्ठी कशी लिहावी याच्या नेमक्या सूचना होत्या. साधारण पोस्टकार्डाएवढा कागद घ्यायचा. डाव्या कोपऱ्यात वर शब्द लिहायचा. त्याखाली वर्ष, लेखक, ग्रंथ आणि पान. त्याखाली ते पूर्ण वाक्य.

चिठ्ठीवर 'लेखक' असा शब्द कोठेही लिहिलेला नसे. अमुक जागी जे नाव आहे ते लेखकाचे, एवढा संकेत पुरेसा होता. माहितीचा प्रकार तिच्या जागेवरून कळत होता. चिठ्ठी कोणत्या खणात ठेवली आहे यालाही अर्थ होता. मरे यांनी मिल हिल येथे आपल्या बागेत पन्हाळी पत्र्याची एक खोली उभारली आणि तिच्या भिंतींवर एक हजारावर खण करून घेतले. स्वयंसेवकांकडून आलेल्या चिठ्ठ्यांची संख्या अखेर ५० लाखांच्या घरात गेली असे सांगतात.

अर्थ जागेला बांधलेला असला की जागा चुकली म्हणजे सगळेच चुकते. 'बाँडमेड' (म्हणजे दासी) या शब्दाच्या चिठ्ठ्या कोठेतरी दुसरीकडे जाऊन पडल्या आणि तो शब्द कोशात यायचाच राहिला. तो पुढे १९३३ च्या पुरवणीत आला.

कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये छापून निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये, वारले होते. ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांवर अवतरणे, पंधरा हजारांहून जास्त पाने. चिठ्ठीतून छापील पानावर येताना अर्थाने आपले घर बदलले. आता तो जागेपेक्षा ठशात राहू लागला. मूळ शब्द ठळक, अवतरणे बारीक टाइपात, अवतरणाचे वर्ष पुन्हा ठळक, लेखकाचे नाव छोट्या आकाराच्या कॅपिटल अक्षरांत, ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत. ही व्यवस्था मरे यांनी सुरुवातीलाच बसवली आणि चव्वेचाळीस वर्षे, एकूण चार संपादकांच्या हाताखाली, ती थोड्याफार फरकाने टिकली. खिळे जुळवणाऱ्यांना आणि मुद्रितशोधकांना त्यासाठी काय त्रास पडला असेल याचा अंदाज छापखान्यात डोकावलेल्या कोणालाही येईल. त्या शिस्तीचा उपयोग शंभर वर्षांनी कोणाला होणार आहे हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

वकील आणि संगणक

मधल्या काळात छपाईत संगणक शिरला होता. १९६० च्या दशकात मजकुराच्या मध्येच यंत्राला हुकूम देणारी सांकेतिक अक्षरे टाइप केली जात: येथून ठळक, येथे ओळ सोडा, येथे दोन अक्षरे आत सरकवा. छापखान्यात संपादक हस्तलिखितावर लाल शाईने ज्या सूचना लिहितात त्यांना इंग्रजीत 'मार्कअप' म्हणतात. हे सांकेतिक हुकूम म्हणजे त्याच सूचनांचे यांत्रिक रूप होते. अडचण अशी की प्रत्येक छपाईयंत्राचे हुकूम वेगळे. यंत्र बदलले की मजकूर पुन्हा टाइप करा. १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडा सरकारच्या मुद्रणालयात भरलेल्या बैठकीत असे मांडले की मजकूर आणि त्याचे बाह्य रूप ही दोन वेगवेगळी ठेवावीत.

हा विचार प्रत्यक्षात उतरवला तो १९६९ मध्ये आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रातील तिघांनी: चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी. गोल्डफार्ब मूळचे वकील. वकिलांच्या कचेरीतील कागदपत्रांची संगणकीय व्यवस्था लावणे हा त्यांना दिलेला विषय होता. त्यासाठी तीन आज्ञावल्या हव्या होत्या: मजकूर दुरुस्त करणारी, जुन्या कागदांतून हवे ते शोधणारी आणि पाने मांडणारी. तिघींना एकच कागद वापरता यावा एवढे साधे मागणे. पण पाने मांडणारीला 'ठळक' एवढे कळले तरी पुरते, तर शोधणारीला त्याचा काडीचा उपयोग नसतो. ठळक छापलेला मजकूर हे खटल्याचे नाव आहे की निकालाची तारीख, हे तिला हवे असते. म्हणून त्यांनी ठरवले की खुणेत मजकुराचे रूप सांगायचेच नाही, तो मजकूर काय आहे तेवढे सांगायचे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. शीर्षक कोणत्या ठशात छापायचे याची तजवीज दुसरीकडे, एकाच जागी. या पद्धतीचे 'जीएमएल' हे नाव 'जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज'चा संक्षेप आहे, आणि गोल्डफार्ब, मोशर, लोरी यांच्या आडनावांची ती आद्याक्षरेही आहेत. हा योगायोग नाही.

१९८६ मध्ये याच कल्पनेला 'एसजीएमएल' या नावाने आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला (आयएसओ ८८७९). त्यात कागदपत्राच्या प्रत्येक प्रकारासाठी एक व्याकरण लिहिता येई. उदाहरणार्थ, पुस्तकात प्रकरणे असतात, प्रकरणाला एकच शीर्षक असते आणि ते सुरुवातीलाच यावे लागते. मजकूर व्याकरणाला धरून आहे की नाही हे यंत्राने तपासायचे.

बारा जाडजूड खंड टाइप करायचे

१९८४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपला कोश संगणकावर आणण्याचे जाहीर केले. मूळ कोशाचे बारा खंड आणि रॉबर्ट बर्चफील्ड यांनी संपादित केलेल्या पुरवणीचे चार खंड (त्यातला शेवटचा तर १९८६ मध्ये निघायचा होता) एकत्र करून दुसरी आवृत्ती काढायची होती. जुन्या खिळ्यांची छपाई, एका पानावर अनेक ठसे आणि आकार, ग्रीकसारख्या परक्या लिप्या. त्या काळच्या अक्षरवाचक यंत्रांना हे पान वाचणे शक्य नव्हते. मग सगळे हाताने टाइप करण्याला पर्याय उरला नाही. पेनसिल्व्हेनियातील फोर्ट वॉशिंग्टन येथे १२० हून अधिक टंकलेखकांनी सुमारे ३५ कोटी अक्षरे टाइप केली. इंग्लंडमध्ये ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली.

नुसती अक्षरे टाइप केली असती तर ठशांतला अर्थ कायमचा गेला असता. तिरपे अक्षर साध्या मजकुरात तिरपे राहत नाही. उलट टंकलेखकाला प्रत्येक तुकड्यापाशी थांबून 'हे ग्रंथाचे नाव, ही व्युत्पत्ती' असे ठरवायला सांगितले असते तर काम दशकभर चालले असते, आणि कोशशास्त्र न शिकलेल्या माणसाने केलेले ते निर्णय भरवशाचेही नसते. येथे मध्यम मार्ग काढला गेला. ऑक्सफर्डमध्ये पानांवर आधी हाताने काही खुणा करून घेतल्या. टंकलेखकांनी दोनच गोष्टी नोंदवायच्या: ठसा कोठे बदलतो, आणि नोंद, अर्थ, अवतरणांचा परिच्छेद यांसारखे नजरेला सहज दिसणारे भाग कोठे सुरू होतात. बाकीचा अर्थ यंत्राने काढायचा.

तो काढण्याचे काम कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाकडे आले. तेथील रिक कॅझमन या विद्यार्थ्याने १९८६ मध्ये याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यातली मध्यवर्ती कल्पना शाळेतल्या मुलांनाही समजावी इतकी सोपी आहे. आज्ञावली मजकूर डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि एकच गोष्ट लक्षात ठेवते: आपण आत्ता कोठे आहोत? या 'कोठे'ला अवस्था म्हणतात. समजा आपण 'अवतरणांचा परिच्छेद' या अवस्थेत आहोत आणि ठळक आकडे आले, तर ते वर्ष. लगेच पुढे छोटी कॅपिटल अक्षरे आली तर तो लेखक. मग तिरपी अक्षरे म्हणजे ग्रंथ. मग साधी अक्षरे म्हणजे अवतरणाचे वाक्य. पुन्हा ठळक आकडे आले की नवे अवतरण सुरू. पण आपण 'व्युत्पत्ती' या अवस्थेत असलो आणि तीच छोटी कॅपिटल अक्षरे आली, तर तो लेखक नाही. 'अमुक शब्द पाहा' असा तो निर्देश आहे. ठसा तोच, अवस्था वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. आपला डोळा कोश वाचताना हेच करतो, फक्त त्याला ते जाणवत नाही.

अर्थात अपवाद आलेच. अवतरण निनावी ग्रंथातले असेल तर लेखकाचे नाव गाळलेले असते. वर्ष नक्की नसेल तर आकड्यांच्या आधी 'सुमारे' किंवा 'पूर्वी' या अर्थाचे एक तिरपे अक्षर येते, आणि ग्रंथाचे नावही तिरपेच! अशा प्रत्येक अपवादासाठी नियम वाढवावा लागतो. या कामाचे खरे मोल आमच्या मते येथेच आहे. कोशाच्या रचनेचे व्याकरण कोणीही कोठे पूर्ण लिहून ठेवलेले नव्हते. ते संपादकांच्या आणि जुळाऱ्यांच्या सवयीत होते. यंत्राला सांगायचे म्हटल्यावर ते प्रथमच अक्षर न अक्षर लिहून काढावे लागले. शिवाय जेथे मजकूर व्याकरणात बसेना तेथे एकतर व्याकरण अपुरे होते किंवा मजकुरातच विसंगती होती, आणि दोन्ही शोधून काढण्याजोग्या गोष्टी होत्या.

दुसरी आवृत्ती १९८९ च्या मार्चमध्ये वीस खंडांत निघाली. सुमारे २ लाख ९१ हजार नोंदी आणि २४ लाख अवतरणे त्यात आहेत. छापील खंडांपेक्षा मोठी कमाई मात्र दुसरी होती. आता 'शेक्सपिअर लेखक असलेली सगळी अवतरणे दाखवा' असा प्रश्न विचारता येऊ लागला. शेक्सपिअरचे नाव एखाद्या वाक्यात नुसते आले असेल तर ते त्यात मिसळणार नाही. (अशी अवतरणे सुमारे ३३,००० निघाली.) एखाद्या वर्षी प्रथम आढळलेले शब्द कोणते, हाही प्रश्न विचारता येतो. मरे यांच्या खणांपुढे उभे राहून याचे उत्तर शोधायला एक आयुष्य पुरले नसते.

कॅनडातून पुढे

इतक्या मोठ्या मजकुरातून झटपट शोध घेणारी आज्ञावलीही वॉटर्लूला गास्तों गोने आणि फ्रँक टॉम्पा यांच्या गटात तयार झाली. १९८७ पासून दोन वर्षे या प्रकल्पाचे व्यवस्थापक होते टिम ब्रे. पुढे या शोध-आज्ञावलीवरच 'ओपन टेक्स्ट' ही कंपनी उभी राहिली. ब्रे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९६ मध्ये सन कंपनीतील जॉन बोसाक यांच्या पुढाकाराने एसजीएमएलला इंटरनेटच्या कामाजोगे हलके रूप देण्यासाठी एक गट स्थापन झाला, तेव्हा त्याच्या मसुद्याचे संपादन ब्रे यांच्याकडे आले. जाँ पाओली आणि मायकेल स्परबर्ग-मॅक्वीन हे त्यांचे जोडीदार. यांपैकी स्परबर्ग-मॅक्वीन साहित्यग्रंथांच्या खुणांची पद्धत ठरवणाऱ्या प्रकल्पातून आले होते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी 'एक्सएमएल १.०' अधिकृत झाले.

एसजीएमएलमध्ये सवलती फार होत्या. टाइप करण्याचे श्रम वाचावेत म्हणून काही खुणा गाळायची मुभा होती. गाळलेली खूण यंत्राने व्याकरणावरून ओळखायची. परिणामी ते वाचणारी आज्ञावली लिहिणे महाकठीण झाले. एक्सएमएलने सवलती काढून टाकल्या. जे उघडले ते बंद केलेच पाहिजे, एकात एक नीट बसले पाहिजे. चूक आढळली तर यंत्राने अंदाजाने पुढे जायचे नाही, थांबायचे. खुणा आटोपशीर असण्याला फारसे महत्त्व नाही, असे उद्दिष्टांतच लिहून ठेवले होते. लिहिणाऱ्याच्या कंटाळ्यापेक्षा वाचणाऱ्या यंत्राची सोय मोठी ठरली.

आपल्या दृष्टीने आणखी एक निर्णय मोलाचा. एक्सएमएलने पहिल्या दिवसापासून युनिकोड हाच पाया मानला. त्यामुळे खुणांची नावेसुद्धा देवनागरीत देता येतात. पुढचा मजकूर नियमानुसार पूर्ण वैध एक्सएमएल आहे:

<प्रयोग>
<शीर्षक>उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड</शीर्षक>
<साहित्य>
<वस्तू>परीक्षानळी</वस्तू>
<वस्तू प्रमाण="१० मिलि">चुन्याची निवळी</वस्तू>
<वस्तू>काचेची नळी</वस्तू>
</साहित्य>
<कृती>
<पायरी>निवळी परीक्षानळीत घ्या.</पायरी>
<पायरी>काचेच्या नळीतून हळू फुंका.</पायरी>
<धोका>निवळी तोंडात ओढू नका.</धोका>
</कृती>
</प्रयोग>

आता प्रयोगशाळेतील वर्षभराचे सगळे प्रयोग असे लिहिलेले असतील तर चुन्याची निवळी एकूण किती लागेल हे यंत्र सांगू शकते. सगळे धोके वेगळे काढून भिंतीवर लावण्याचा तक्ता करू शकते. तांत्रिक लेखनाला हेच हवे असते. विमानाच्या किंवा जहाजाच्या देखभालीच्या पुस्तकांत एकाच सुट्या भागाचा उल्लेख शेकडो जागी असतो. भाग बदलला तर त्या सगळ्या जागा सापडल्या पाहिजेत, आणि तोच मजकूर कागदावरही आणि पडद्यावरही निघाला पाहिजे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० च्या दशकातच आपल्या पुरवठादारांसाठी एसजीएमएलचा आग्रह धरला होता. त्या वेळी ठरलेली तक्त्यांची मांडणी आजही वापरात आहे. १९९१ मध्ये युनिक्स या प्रणालीच्या मार्गदर्शिकांची कंपन्या-कंपन्यांत देवाणघेवाण व्हावी म्हणून 'डॉकबुक' ही खुणांची व्यवस्था तयार झाली. पुढे ती एक्सएमएलमध्ये आली. आयबीएमची 'डिटा' ही व्यवस्था २००१ ची. वैज्ञानिक नियतकालिकांच्या लेखांसाठीही अशीच एक व्यवस्था आहे, आणि जगातल्या कितीतरी प्रकाशकांच्या लेखांना या खुणा लावण्याचे काम चेन्नई, पुदुच्चेरी, दिल्ली, मुंबई येथे चालते. फोर्ट वॉशिंग्टनच्या टंकलेखकांचे काम आता आपल्या शेजारी आले आहे. शोधनिबंधावर त्यांचेही नाव नसते.

पुन्हा साधे टिपण

आता वरचा चुन्याच्या निवळीचा मजकूर स्वतः टाइप करून पाहा. शब्दांपेक्षा खुणाच जास्त. कोणीही शहाणा माणूस टिपण काढताना असे लिहीत नाही. तो वर शीर्षक लिहितो, त्याखाली रेघ मारतो, वस्तूंपुढे लहान आडव्या रेघा काढतो, पायऱ्यांना आकडे घालतो आणि महत्त्वाच्या शब्दाभोवती फुल्या किंवा चांदण्या काढतो. संगणकावर पत्रे लिहिणाऱ्यांनीही तेच केले, आणि लवकरच कोणाच्या तरी लक्षात आले की हे संकेत म्हणजेच खुणा आहेत.

१९९० च्या दशकाच्या आरंभी इयन फेल्डमन यांनी एका संगणक-वार्तापत्रासाठी अशा संकेतांना शिस्त लावली. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या स्टुअर्ट रॅकहॅम यांनी 'अ‍ॅस्किडॉक' केले. त्याचा मूळ हेतूच हा होता की लेखकाने साधे टिपण लिहावे आणि यंत्राने त्यातून डॉकबुकचे एक्सएमएल काढावे. साधारण त्याच सुमारास डेव्हिड गुडजर यांची अशीच पद्धत पायथन या संगणकभाषेच्या मंडळींसाठी आली, आणि २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या साहाय्याने 'मार्कडाउन' तयार केले. (नावातला 'अप'च्या जागचा 'डाउन' लक्षात घ्यावा.) २००६ मध्ये बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी 'पॅनडॉक' ही आज्ञावली लिहिली. ती अशा डझनावारी पद्धतींमधला मजकूर एकातून दुसरीत नेते, एक्सएमएलमध्येसुद्धा. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने हे करावे याचे आम्हाला नवल वाटत नाही. रूप आणि अर्थ यांचा झगडा त्यांच्याच घरचा.

या आज्ञावल्यांचे आतले काम आपल्या ओळखीचे आहे. पुन्हा अवस्थांचाच खेळ. रिकामी ओळ आली की परिच्छेद संपला; ओळीच्या आरंभी आडवी रेघ आणि मोकळी जागा आली की यादी सुरू. पुन्हा तीच संदिग्धता: ओळीच्या आरंभीची चांदणी यादीची, शब्दाला चिकटलेली चांदणी जोर देण्याची. मार्कडाउनच्या मूळ वर्णनात अशा कित्येक जागा सैल राहिल्या होत्या. एकच टिपण दोन आज्ञावल्यांत दोन प्रकारे उलगडे. म्हणून २०१४ मध्ये मॅकफार्लेन आणि इतरांनी त्याचे काटेकोर नियम लिहायला घेतले. मरे यांच्या टाइपांचे व्याकरण वॉटर्लूला लिहावे लागले होते, तसेच हे.

एक मर्यादा मात्र नियमांनी सुटत नाही. टिपणातील आडव्या रेघेवरून यंत्राला 'ही यादी आहे' एवढे कळते. ती साहित्याची यादी आहे हे नाही. चांदण्यांवरून 'येथे जोर आहे' एवढेच कळते. तो जोर धोक्याचा इशारा म्हणून आहे की व्याख्या म्हणून, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहिले. अ‍ॅस्किडॉकने यावर एक उपाय केला: ओळीच्या आरंभी 'धोका' या अर्थाचा ठरलेला इंग्रजी शब्द आणि विसर्गासारखे दोन टिंब लिहिले की त्याची वेगळी खूण होते. हे चांगले आहे, पण असे शब्द वाढवत गेले की टिपण साधे राहत नाही. ज्या माहितीवरून पुढे हिशेब किंवा शोध करायचा आहे तेवढीच नावानिशी लिहावी आणि बाकीची साध्या टिपणात ठेवावी, असे आमचे मत आहे. सगळे एक्सएमएलमध्ये लिहा असा आग्रह धरणाऱ्या संस्थांत लोक कंटाळून लिहिणेच सोडतात.

मराठी मजकुराच्या वाट्याला यापेक्षा जुनाट दुखणे आले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि भारतीय लिप्यांचे 'इस्की' हे मानकही त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. पण छापखान्यांत बराच काळ प्रत्येक कंपनीच्या फाँटचे संकेतांक निराळे होते. एका फाँटमध्ये ज्या क्रमांकावर 'क' असे तेथे दुसऱ्यात भलतेच अक्षर. फाँटचे नाव हरवले की मजकूर हरवला. शिवाय बहुतेक फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. 'स्थिती' या शब्दात पहिली वेलांटी 'स्थ' या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते, नुसती एका वर्णापलीकडे नेऊन भागत नाही. हे रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्याही अवस्था लक्षात ठेवतच चालतात. अक्षरे मिळवण्यातच इतके श्रम गेल्यावर रचनेकडे पाहायला सवड कोणाला?

तरी कोशांच्या बाबतीत काम झाले आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश संगणकावर शोधता येतात. मोल्सवर्थ वर्गात घेऊन जाण्याजोगा आहे. त्याच्या दहा नोंदींची छायाप्रत नववी-दहावीच्या मुलांना द्यावी आणि कोणते चिन्ह काय सांगते याचे नियम लिहून काढायला सांगावे. लिंग दाखवणारी रोमन अक्षरे लगेच सापडतील. कंसातले 'एस' म्हणजे संस्कृत आणि 'पी' म्हणजे फारसी, हेही प्रस्तावना न पाहता काही जण ओळखतील. मग आणखी दहा नोंदी द्याव्यात. त्यांतल्या काहींत कंसात एका अक्षराऐवजी मराठी शब्दांची फोड असेल, काहींत कंसच नसेल. पहिले नियम तेथे मोडतील, आणि कोणता नियम कसा दुरुस्त करायचा यावर मुले आपसांत भांडू लागतील. त्याला एक तास पुरत नाही, दोन तास राखून ठेवावेत.